लहान मुलं आणि घरातली दिवाळी: त्यांच्या हाताला काय काम देता?

पणतीवाली

फराळाच्या ऑर्डरी आणि साड्यांची खरेदी यांवरच्या चर्चेचे धागे या मंचावर वर आलेतच. मला घरात दीड ते सहा-सात वर्षांची मुलं असताना दिवाळी कशी करायची, यावर बोलायचं आहे.

माझं मत आधीच सांगते. या वयाच्या मुलाला दिवाळीत स्वतःचं असं एक खरं काम हवं असतं. नवे कपडे, मॉलमधली रोषणाई, चार घरी फराळाला जाणं यातलं बरंचसं त्याच्या डोक्यावरून जातं आणि संध्याकाळपर्यंत मूल किरकिरं होतं. तेच मूल शंकरपाळ्यांच्या पोळीवर कातणं फिरवायला बसलं की जागचं हलत नाही. काम खोटं असलेलं मात्र त्यांना लगेच कळतं. "तू हे घेऊन तिकडे खेळ" म्हणून दिलेला पिठाचा गोळा दोन मिनिटांत सोफ्याखाली जातो. त्यांनी कातलेले वाकडेतिकडे शंकरपाळे सगळ्यांबरोबर तळून त्याच डब्यात गेले पाहिजेत.

आम्ही दोघंही नोकरी करतो, सासूबाई गावी असतात. म्हणून चकली, चिरोटे, अनारसे सरळ बचत गटाच्या बायकांकडून घेतो आणि घरी दोनच पदार्थ करतो, शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू. निवडले ते मुलीच्या हाताला जमतील असेच. शंकरपाळ्यांना एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप गरम करून साखर विरघळवायची, गार करायचं आणि त्यात मावेल तेवढा मैदा. मोजून ओतण्याचं काम चार वर्षांच्या मुलीला नीट जमतं. तळणीच्या वेळी मात्र स्वयंपाकघराचं दार बंद आणि दोघं मुलं बाबाबरोबर खाली. यात सूट नाही. लाडू वळायला तिला पूर्ण गार झालेलं बेसन देते. तिचे लाडू सुपारीएवढे होतात आणि पाहुण्यांच्या ताटलीत मानाने जातात.

दिवसांनुसारही तिची कामं ठरलेली आहेत. वसुबारसेला शाडूची गाय आणि वासरू. धनत्रयोदशीला धने-गुळाचा नैवेद्य वाटायचा आणि यमदीपासाठी कणकेचा दिवा अंगठ्याने दाबून करायचा. तो दिवा दक्षिणेकडे तोंड करून ठेवतात, तर दक्षिण कुठली हे शोधण्याचं कामही तिचंच. सकाळी सूर्य कुठून आला ते आठवून, हात पसरून उभी राहून ती ठरवते. लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहणं तिला सगळ्यात आवडतं, कारण ते तिच्या उंचीचं आहे! लाह्या-बत्तासे भरायचे कामही तिच्याकडेच.

पहाटेच्या अंघोळीसाठी धाकट्याला उठवत नाही. सव्वा वर्षाच्या मुलाने सातला उठून तेल लावून घेतलं तर काही बिघडत नाही. मोठी मात्र आपणहून उठते, कारण पहिली पणती तिने लावायची असते, माझा हात तिच्या हातावर.

मला हवं ते हे: बाल्कनीतल्या किल्ल्याबद्दल सांगा, फटाक्यांच्या आवाजाचं काय करता ते सांगा, आणि जे दिसेल ते तोंडात घालणाऱ्या धाकट्याला सांभाळत हे सगळं कसं करता तेही.

सोऱ्या

पणतीवाली, वाचून फार बरं वाटलं ग. मी आता आजी आहे, नातवंडं तीन आणि सहा वर्षांची. दोन पदार्थ पुरेत हे तू ठरवलंस ते अगदी योग्य. आमच्या वेळी पंधरा दिवस भाजण्या, दळणं आणि तळणं चालायचं आणि आया इतक्या थकायच्या की लक्ष्मीपूजनाला मुलांशी धड बोलायचं त्राण नसायचं. त्या डब्यांच्या संख्येत मला आज काही मोठेपणा दिसत नाही.

चकली करायचीच असेल तर एक सांगते. भाजणीचं सामान मुलांसमोर मोजावं. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ, मग धने-जिरे. धुऊन, वाळवून, वेगवेगळं भाजून दळायचं. वाळवणावरून हात फिरवणं, डाळी ओळखणं, धने भाजल्यावर वास कसा बदलतो ते हुंगणं, हे तीन वर्षांचं मूलसुद्धा करतं. माझा धाकटा नातू डोळे मिटून वासावरून धने आणि जिरे ओळखतो. सोऱ्या दाबायला ताकद लागते, तिथे सहा वर्षांची नात आणि मी दोघी मिळून दाबतो. चकली कागदावर पाडायची, तळायचं मोठ्यांनी.

पोरांना चिवडा देताना त्यातले शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप काढून टाका. आमच्या घरात एकदा एका पाहुण्यांच्या बाळाला ठसका लागला होता, तेव्हापासून मी लहान मुलांचा चिवडा वेगळाच करते. पातळ पोहे, हळद, मीठ, कढीपत्ता चुरून.

गडवाट

किल्ल्याचा विषय निघाला म्हणून लगेच लिहितोय. पुण्यात वाड्याच्या अंगणात दगडमातीचे किल्ले करत वाढलो, आता चौथ्या मजल्यावर राहतो आणि किल्ला सोडलेला नाही.

बाल्कनीसाठी जाड प्लायवूडची फळी घ्या, खाली जुनं प्लास्टिक. उंचीसाठी विटा, डबे, उलटे ठेवलेले खोके. त्यावर पोतं चिखलात बुडवून पसरायचं. पोतं वाळलं की डोंगराच्या घड्या आपोआप दिसतात. मग लाल मातीचा हात. मुलांना सगळ्यात जास्त आवडतं ते हेच, कोपरापर्यंत चिखल. त्यांना जुने कपडे घाला आणि तासभर काही बोलू नका.

हिरवळीसाठी हळीव उत्तम, मोहरीही चालते. ओल्या मातीवर भुरभुरायची, वरून हाताने पाणी शिंपडायचं. दोन-तीन दिवसांत मोड दिसतात, आणखी दोन-तीन दिवसांत डोंगर हिरवा होतो. पाणी शिंपडणं हे रोजचं काम लहान मुलाला द्या. ते सकाळी उठून आधी बाल्कनीत धावतं आणि दाणा उगवताना बघतं.

कुठला किल्ला करायचा, तर दर वर्षी एक खरा गड निवडा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. बारा वर्षांची यादी तयार आहे. आज तीन वर्षांचं असलेलं मूल दहावीत जाईपर्यंत पुरेल.

अगदी लहान मुलांसाठी मी सिंधुदुर्ग सुचवेन. मोठ्या परातीत मधे मातीचं बेट, त्याभोवती नागमोडी तट, आणि सगळीकडे पाणी. कागदाच्या होड्या सोडता येतात, म्हणजे मुलांना रोज खेळायला काहीतरी उरतं. महाराजांनी १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर याचं बांधकाम सुरू केलं. भोवती खारं पाणी आणि आत गोड पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, साखरबाव, दहीबाव. बाटल्यांची तीन झाकणं मातीत रुतवली की विहिरी तयार. माझ्या मुलाला ही तीन नावं शिकवावी लागली नाहीत, एकदा ऐकली आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो सांगत सुटला.

पाच-सहा वर्षांच्या मुलांना राजगड जमतो. मधे बालेकिल्ला आणि तीन बाजूंना तीन माच्या, पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी. आकार इतका स्पष्ट आहे की मूल तो नंतर कागदावर काढूनही दाखवतं. आणि जमेल तेव्हा त्या गडावर घेऊन जा. घरी केलेला गड पायाखाली आला की मूल कुठे काय आहे ते आपल्याला दाखवायला लागतं.

मावळे कुंभारवाड्यातले मातीचे घ्या. प्लास्टिकचे स्वस्त मिळतात, पण मातीचा गवळी, वासुदेव, जात्यावर दळणारी बाई, पहारेकरी ही चित्रं ज्या घरांत हाताने रंगवली जातात त्यांचीही दिवाळी त्यावर असते.

दोन_बाय_चार

गडवाट, एक प्रश्न. आमच्या साडेतीन वर्षांच्या चिरंजीवांनी किल्ल्यावर डायनासोर आणि जेसीबी ठेवायचा हट्ट धरला आहे. सासरे म्हणतात महाराजांच्या गडावर हे चालणार नाही. मला दोघांचंही पटतंय.

गडवाट

सासऱ्यांचा आदर योग्यच आहे. सिंहासन, महाराज आणि बालेकिल्ला ही जागा आजोबांच्या देखरेखीखाली. पायथ्याचं जंगल मुलाचं. तिथे वाघ असतो तसा डायनासोरही राहील. जेसीबीला किल्ल्याच्या बाहेर रस्ता करायचं काम द्या, मुलगा त्याने खरोखर माती वाहील. किल्ला घडवताना मुलाचं काहीच चाललं नाही तर तो आपला किल्ला होतो, त्याचा नाही.

छोटे_डॉक्टर

मी बालरोगतज्ज्ञ आहे. दिवाळीच्या आठवड्यात आमच्याकडे जे येतं त्यावरून काही गोष्टी कळकळीने सांगतो.

फुलबाजीला लोक निरुपद्रवी समजतात. तिच्या जळत्या टोकाचं तापमान हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. तीन-चार वर्षांच्या मुलाचा हातच इतका आखूड असतो की लांब धरली तरी ठिणग्या चेहऱ्याजवळ असतात. पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात देऊ नका. विझलेली तारही बराच वेळ तापलेली असते आणि अनवाणी पायाखाली येते. पाण्याची बादली शेजारी ठेवा आणि प्रत्येक तार लगेच त्यात टाका. कपडे सुती, अंगाबरोबरचे. ओढणी, घेरदार नायलॉनचा परकर नको.

धुराबद्दल सांगायचं तर, पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ साली वेगवेगळ्या फटाक्यांच्या धुराची मोजणी केली होती. सर्वांत जास्त सूक्ष्म कण निघाले ते सापाच्या गोळीतून, जी आपण "आवाज नाही" म्हणून सगळ्यात लहान मुलांना देतो. फुलबाजी आणि भुईचक्रसुद्धा भुईनळ्यापेक्षा जास्त धूर करणारी ठरली. त्यात मूल गोळीवर वाकून बघत असतं. दम्याची प्रवृत्ती असलेल्या मुलाला यापासून दूर ठेवा आणि त्याची पंपाची औषधं दिवाळीआधी तपासून घ्या.

भाजलं तर ताबडतोब नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. घड्याळ लावून वीस. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई काहीही लावू नका. अंगठी, बांगडी सूज येण्याआधी काढा. स्वच्छ कापडाने सैल झाका आणि चेहरा, हात, सांधे किंवा गुप्तांगावर भाजलं असेल तर लहान दिसलं तरी रुग्णालयात या.

पणतीवाली यांच्या सव्वा वर्षाच्या बाळासाठी दोन गोष्टी. अख्खे शेंगदाणे, काजू, बदाम, डाळं पाच वर्षांपर्यंत नको, कुटून किंवा पूड करून द्या. सोऱ्याकाकूंचा वेगळा चिवडा फार चांगला. आणि बॅटरीवरच्या प्लास्टिकच्या पणत्या! सुरक्षित म्हणून लोक बाळ असलेल्या घरात मुद्दाम त्याच आणतात. त्यांच्या बुडाशी नाण्यासारखी चपटी बॅटरी असते आणि झाकण बऱ्याचदा नखाने उघडतं. ती गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजू शकते. नुसता संशय आला तरी उलटी करवत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जाऊन एक्स-रे काढा. झाकणाला स्क्रू असलेल्याच पणत्या घ्या, त्याही मोजून लावा आणि मोजून उचला.

गडवाट यांच्या सिंधुदुर्गाबद्दल: घरात रांगतं किंवा नुकतं चालणारं मूल असेल तर परातीजवळ त्याला एकटं सोडू नका आणि रात्री पाणी उपसून ठेवा.

तडतडी

डॉक्टर, सगळं मान्य, पण मुलांच्या हातून फुलबाजी, भुईनळा सगळंच काढून घेतलं तर त्यांना उरतं काय? आम्ही लवंगी माळ एकेक सोडून वाजवत मोठे झालो. तो आनंद खरा होता, तो मी नाकारणार नाही.

छोटे_डॉक्टर

आनंद खराच होता, मीही घेतला आहे. पाच वर्षांपुढच्या मुलाने मोठ्या माणसाच्या शेजारी, मोकळ्या जागेत, चप्पल घालून एखादी फुलबाजी पेटवली तर मी अडवणार नाही. भुईनळा मोठ्यांनी लावावा आणि मुलांनी पाच-सहा मीटरवरून बघावा. माझं म्हणणं पाच वर्षांखालच्यांबद्दल आहे, आणि त्यांना उरतं काय याचं उत्तर या धाग्यावर पणतीवाली यांनी दिलंच आहे.

शांतवारा

माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, स्वमग्न आहे. आवाजाचा प्रश्न आमच्या घरात सणाच्या मध्यभागी असतो, म्हणून सविस्तर लिहिते. ज्यांची मुलं स्वमग्न नाहीत पण फटाक्यांना घाबरतात, त्यांनाही उपयोग होईल.

आम्ही तयारी महिनाभर आधी सुरू करतो. फटाक्यांच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण अगदी हळू आवाजात, तो त्याच्या आवडीच्या ठोकळ्यांशी खेळत असताना. रोज किंचित वाढवत. मागच्या दिवाळीचे फोटो क्रमाने चिकटवून एक वही केली आहे: आधी कंदील लागतो, मग तेल, मग अंघोळ, मग पाहुणे, मग बाहेर आवाज, मग झोप. पुढे काय होणार हे माहीत असलं की त्याची निम्मी भीती जाते. कान पूर्ण झाकणारे इअरमफ आधीपासून घालायची सवय केली.

फ्लॅटमधली सगळ्यात आतली खोली त्याची. खिडकी बंद, जाड पडदा, पंखा मोठा, अंथरुणाचा तंबू. २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात फटाक्यांसाठी रात्री आठ ते दहाची वेळ आहे. आमच्या सोसायटीत ती पाळावी म्हणून मी मागच्या वर्षी सभेत उभी राहून बोलले, आणि मुलांनीच ती पाळली. मोठ्यांना सांगण्यापेक्षा खेळायला येणाऱ्या मुलांना सांगणं सोपं गेलं. "आमच्या दादाला आवाजाने कान दुखतात" एवढं त्यांना पुरलं.

स्पर्शाचंही बघावं लागतं. उटणं त्याला खरखरीत लागतं, म्हणून अंगाला फक्त कोमट तेल आणि उटण्याचा एक ठिपका तळपायाला. जरीच्या कुर्त्याखाली आतून जुना मऊ बनियन. आणि पाहुण्यांना आधीच सांगून ठेवते की नमस्कार कर, पापा दे असं त्याला म्हणू नका.

त्याचं काम आहे पणत्या ओळीत मांडायचं. सगळ्यांत सारखं अंतर, सगळ्यांची वात एकाच बाजूला. इतक्या सुंदर ओळी आमच्या मजल्यावर दुसऱ्या कुणाच्या दारात नसतात.

माडाची_सावली

गोव्याहून लिहितेय. आमच्याकडे नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांत नरकासुराचे प्रचंड पुतळे उभे राहतात आणि पहाटे जाळतात. रात्रभर मोठा आवाज, गर्दी. मोठ्या मुलांचा तो सण आहे, तीन वर्षांची मुलं मात्र त्या लाल डोळ्यांना भिऊन रडतात. म्हणून आम्ही अंगणात मुलांच्याच उंचीचा नरकासुर करतो. जुन्या शर्टात गवत, वर्तमानपत्राचं डोकं, आणि तोंड मुलांनी रंगवलेलं. फटाके आत भरत नाही. आपण केलेल्या राक्षसाला मुलं भीत नाहीत, आणि पहाटे तो पेटवला की टाळ्या वाजवतात.

मग तेल, उटणं आणि कारीट. तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, तोच नरकासुर. चार वर्षांच्या पायाला ते फुटत नाही, तर आधी थोडी चीर देऊन ठेवते. बी जिभेला लावली की तोंडं वाकडी होतात आणि त्यानंतर फोव गोड लागतात. दुधातले, गुळाचे, ताकातले, नारळाच्या रसातले, बटाट्याचे. नव्या भाताचे पोहे म्हणून त्या सकाळी प्रत्येक घरात हेच. फराळाचे डबे पुसून भरण्यापेक्षा मुलांना हे जास्त भावतं, कारण गूळ-खोबरं कालवायचं काम त्यांच्याकडे असतं.

राइनकाठ

जर्मनीत कोलोनजवळ राहतो, मुली तीन आणि सहा वर्षांच्या. इथे रॉकेट वगैरे मोठे फटाके फक्त डिसेंबरच्या शेवटच्या तीन दिवसांत विकायला परवानगी आहे, त्यामुळे दिवाळी शांतच असते. साधी फुलबाजी वर्षभर मिळते.

एक गोष्ट आम्हाला फार सोयीची. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात इथे सूर्य आठच्या सुमारास उगवतो. म्हणजे सात वाजता बाहेर काळोख असताना सूर्योदयापूर्वीचं अभ्यंगस्नान निवांत होतं, मुलींना उठवायची ओढाताण नाही. थंडीत न्हाणीघर आधी तापवून ठेवतो.

दुसरं म्हणजे ११ नोव्हेंबरचा संत मार्टिनचा दिवस. बालवाडीतली मुलं स्वतः कागदाचे कंदील करतात आणि अंधार पडल्यावर गाणी म्हणत मिरवणूक काढतात, पुढे घोड्यावर लाल झग्यातला मार्टिन. २०२३ साली त्या मिरवणुकीच्या दुसऱ्याच दिवशी, १२ नोव्हेंबरला, आपलं लक्ष्मीपूजन होतं. मोठीने बालवाडीतला कंदील घरी आणून आकाशकंदिलाशेजारी टांगला. तेव्हापासून दोन्ही कंदील घरीच होतात. बांबू मिळत नाही, तर जुन्या पडद्याच्या पातळ काड्या आणि पतंगाचा कागद. चांदणीच्या सहा टोकांची सुतळी मोठी बांधते, शेपट्या धाकटी चिकटवते. बालवाडीच्या बाईंनी मुलांना आमचा कंदील करायला शिकवाल का असं विचारलं, आणि मुलीने स्वतः तिच्या मित्रांना तो दाखवला. परदेशात मुलाला आपला सण समजावून सांगत बसण्यापेक्षा हे फार बरं. त्याला दुसऱ्यांना शिकवता येईल असं एक काम द्यावं.

जिंजीची_वाट

गडवाट यांच्या यादीतला बारावा गड वाचून लिहावंसं वाटलं. आम्ही चेन्नईत आहोत. जिंजी इथून साधारण १६० किलोमीटर. रायगडावरून निसटलेल्या राजाराम महाराजांनी तिथून राज्य राखलं, १६९८ पर्यंत तो गड मुघलांशी झुंजत होता. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी अशा तीन टेकड्या आणि त्यांना जोडणारा तट. तीन उलट्या वाट्या आणि मधे मातीची भिंत, एवढ्यावर चार वर्षांच्या मुलाचा जिंजी होतो. आमच्या शेजारच्या तमिळ मुलांनीही हात लावला, तो त्यांच्याच जिल्ह्यांच्या आसपासचा गड म्हटल्यावर त्यांना काय आनंद!

इथे दीपावली म्हणजे मुख्यतः नरकचतुर्दशीची पहाट. तेलाची अंघोळ झाली की "गंगास्नान झालं का" असं एकमेकांना विचारतात आणि सुंठ-मिऱ्यांचा लेह्यम चाटवतात, पोट बिघडू नये म्हणून. फराळाआधी तो चाटवायची पद्धत आम्ही घरात घेतली आहे.

एकुलती

वाचतेय सगळं. एक विचारू? मला एकच मुलगी आहे, साडेतीन वर्षांची. चुलत-मावस भावंडं सगळी बाहेरगावी. भाऊबीजेला ती शेजारच्या घरातलं ओवाळणं बघत उभी राहते. व्हिडिओ कॉलवर ओवाळून बघितलं, तिला त्यात काही रस वाटला नाही.

सोऱ्या

अगं, भाऊ नसेल तर चंद्राला ओवाळायची रीत आहेच की. द्वितीयेची कोर सूर्यास्तानंतर थोडाच वेळ पश्चिमेला दिसते, बारीक. ती शोधायला मुलीला गच्चीवर घेऊन जा. औक्षणाचं ताट तिनेच लावायचं, सुपारी, अक्षता, निरांजन. तेही खरं काम झालं. आणि शेजारच्या मुलाच्या आईला विचार, ती नाही म्हणणार नाही. आमच्या ओळखीतल्या एकीला दोन मुलीच, त्या दोघी एकमेकींना ओवाळतात. धाकटी मोठीला ओवाळणी घालते, तिने स्वतः रंगवलेला दगड.

एकुलती

काकू, चंद्र! आजच तिला सांगते. ढग असले तर?

सोऱ्या

तर ताट आकाशाकडे दाखवायचं. तो असतोच तिथे.

पणतीवाली

सगळ्यांचे आभार. बॅटरीच्या पणत्या आजच तपासल्या. दोन झाकणं नखाने उघडली, त्या बाद. शांतवारा, तुमची फोटोंची वही मी माझ्या मुलीसाठीही करणार आहे, तिला पाहुण्यांच्या गर्दीची धास्ती असते. आणि या वर्षी सिंधुदुर्ग ठरला, परात मोठी आहे. गडवाट, दोन शंका आहेत. बेटावर हळीव टिकेल का, की पाण्याने कुजेल? आणि दिवाळीनंतर किल्ल्याचं काय करता? आमच्याकडे खालची मुलं सुतळी बॉम्ब लावून उडवतात.

गडवाट

हळीव टिकेल, फक्त बेटाचा वरचा भाग पाण्यापासून चार बोटं उंच ठेवा आणि तटाच्या आत पेरा. वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरलात तर लक्ष्मीपूजनाला भरगच्च होते. काठाला मातीत थोडं शेण मिसळलंत तर ती पटकन विरघळत नाही, शेण नसेल तर काठावर लहान दगड लावा.

किल्ला उडवायला मी मुलांना देत नाही. एवढे दिवस पाणी घालून वाढवलेलं त्यांच्यासमोर फोडण्यात मला काही आनंद दिसत नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवतो. मग मावळे पुसून, कापडात गुंडाळून, नावं लिहिलेल्या डब्यात. हे गुंडाळण्याचं काम मुलांचं. हळीव उपटून धुऊन कोशिंबिरीत घालता येते, फक्त माती कुठून आणली आहे ते बघा. उरलेली माती कुंड्यांत. परातीचा फोटो टाका, तीन विहिरी कुठे केल्या ते बघायचं आहे.